पहिलं बाळंतपण माहेरचं

मला नोकरी लागली ती तोंड आवरत नाही म्हणून. मानसशास्त्रात एम.ए. होऊन मी घरी बसले होते. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं, आणि तेव्हाच्या नाशिकमध्ये मानसशास्त्र शिकलेल्या मुलीला लोक दोन गोष्टी हमखास विचारत. माझ्या मनात काय चाललंय सांग बघू, आणि लग्नाचं कुठं जमतंय का. पहिल्याचं उत्तर मला येत नव्हतं आणि दुसऱ्याचं द्यायचं नव्हतं.

एक दिवस भाचीला खोकला झाला म्हणून तिला घेऊन मुलांच्या दवाखान्यात गेले. बाकावर माझ्या शेजारी ऑफिसातून तशीच आलेली एक किरकोळ अंगाची बाई बसली होती. तिचा मुलगा चार-पाच वर्षांचा असेल. तो भिंतीला खांदा घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता. आई हाक मारत होती, तो बघत नव्हता. कंपाउंडर म्हणाला, "बाई, हा बहिरा दिसतोय, याला कानाच्या डॉक्टरकडे न्या." आणि मुलगा माझ्यासमोरून गेला तेव्हा मला ऐकू आलं. तो गुणगुणत होता. सकाळी रेडिओ लावला की पहिल्यांदा जी धून वाजते ती, एक सूर इकडचा तिकडे नाही.

"बहिरा कसला?" मी सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी ओरडले. "रेडिओची धून याच्या डोक्यात काय पायातून शिरली?"

भाचीला शरमेनं मेल्यासारखं झालं. आतलं दार उघडून डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. पांढरी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. "कोण बोललं ते?" त्यांनी विचारलं. मी हात वर केला. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं, काय शिकलीस म्हणून विचारलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी ये. मला तुझ्यासारखी भोचक मुलगीच हवी आहे."

मॅडम (त्यांना मी पहिल्या दिवसापासून मॅडमच म्हणत आले) विलायतेत काही वर्षं काम करून परत आल्या होत्या, आणि त्यांच्या डोक्यात एक प्रश्न बसला होता. काही मुलं बहिरी नसतात, मंदही नसतात, पण माणसांकडे बघत नाहीत, हाकेला ओ देत नाहीत, बोलत नाहीत, आणि रोजच्या क्रमात जरा बदल झाला की घर डोक्यावर घेतात. याला ऑटिझम म्हणतात हे मला त्यांच्याकडून कळलं. मराठीत याला काय म्हणायचं ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. लोक वेडा म्हणत, मुका म्हणत, बाहेरचं लागलंय म्हणत. मॅडमना अशा मुलांच्या आया तपासताना पुन्हा पुन्हा वाटे की गरोदरपणात किंवा बाळंतपणात काहीतरी गडबड झालेली आहे. पण वाटणं वेगळं आणि असणं वेगळं. म्हणून मी घरोघर जायचं, आईला सगळं विचारायचं: अंगावर सूज होती का, रक्त गेलं का, कळा किती लांबल्या, बाळ लगेच रडलं का. आणि नुसतं अशाच मुलांच्या आयांना विचारून भागणार नव्हतं. त्याच गल्लीतल्या ठणठणीत मुलाच्या आईलाही तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारायचे. ही युक्ती मला इतकी आवडली की मी घरी जाऊन आईला, काकूला आणि दूधवाल्याच्या बायकोला विचारून टाकलं.

मी अक्षरशः पळत काम केलं. सातपूर, पंचवटी, देवळाली, कुठे बस, कुठे सायकल. आणि काही महिन्यांनी मॅडमच्या टेबलावर जे जमलं ते बघून आम्ही दोघी थंड पडलो. अशा मुलांची बाळंतपणं नॉर्मल. ठणठणीत मुलांचीही नॉर्मल. सूज नाही, ताप नाही, काही नाही.

"नाशिकमध्ये बायकांना बाळंतपणात काही होतच नाही वाटतं," मॅडम म्हणाल्या. "मग मी रोज दवाखान्यात बघते त्या कोण असतात?"

त्या धुनवाल्या मुलाचं घर नाशिकरोडकडे एका कॉलनीत होतं. आजोबा निवृत्त शिक्षक, आसपासचे सगळे त्यांना गुरुजी म्हणत. घर बौद्ध, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पुस्तकांनी वाकलेली फळी. जयभीम करून गुरुजींनी मला खुर्ची दिली आणि मी काही विचारायच्या आत स्वतःच सुरुवात केली.

"बाई, आमच्याकडे उतारा नाही, गंडा नाही, ग्रहण नाही. ही सून सातव्या महिन्यात होती तेव्हा ग्रहण लागलं. शेजारच्या गरोदर बाया अंधार करून हातपाय न हलवता बसल्या. मी हिला मुद्दाम दारात बसवून भेंडी चिरायला लावली. सगळ्या कॉलनीनं बघावं म्हणून!"

"आणि ती भेंडी शेजारच्या कुणी घेईना," आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "दोन्ही वेळा आम्हीच खाल्ली."

मला गुरुजी तिथल्या तिथे आवडले. मी माझे प्रश्न काढले. सून दाराशी उभी होती, नवरा कारखान्याच्या पाळीवरून येऊन आत झोपला होता, आणि उत्तरं सासूबाई देत होत्या. त्रास झाला का? छे, अगदी नॉर्मल. बाळ लगेच रडलं का? रडलं की.

"जोरात रडलं?"

"आता ते मला काय माहीत?" सासूबाई हसल्या. "मी कुठं होते तिथं? पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना. मुलगा झाला म्हणून तार आली, आम्ही पेढे वाटले. पुढं सव्वा महिन्यानं मनमाडला जाऊन बघून आलो. हिला ताप येऊन गेला होता म्हणे, जरा वाळली होती. बाकी सगळं छान."

मी उठलेच. चहा यायचा होता, तरी थांबले नाही. "येते, परत येते," असं म्हणत चप्पल पायात अडकवली आणि बसस्टॉपपर्यंत धावत सुटले. सासूबाई तिथं नव्हत्याच! कुठल्याच घरातली सासू तिथं नव्हती! मी महिनोन् महिने नाशिकच्या सासरघरांत बसून मनमाड, नांदगाव, हरसूलला झालेल्या बाळंतपणांची चौकशी करत होते. आणि ज्या एकीला ठाऊक होतं ती सून सासूच्या समोर तोंड उघडणार होती थोडीच!

मॅडमना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, मी स्वतः पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले होते!" आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की कंपाउंडर डोकावून गेला. विलायतेतली प्रश्नावली आम्ही जशीच्या तशी आणली होती. तिकडे बाई जिथं राहते तिथंच बाळंत होते. आम्हाला माहेरी जायची ही गोष्ट इतकी पाठ होती की ती विचारात घ्यायचं आमच्या डोक्यातच आलं नाही.

त्यानंतरचे दिवस म्हणजे काय सांगू! मुलाच्या आईला एकटीला गाठायचं, तिची परवानगी घ्यायची, तिच्या माहेरच्यांसाठी निरोप घ्यायचा आणि एसटीत बसायचं. हरसूलला आठवड्याच्या बाजारात एका आजीनं सगळा माल विकून होईपर्यंत मला पोत्यावर बसवून ठेवलं आणि मग उठता उठता असं काही सांगितलं की मी पेन शोधत राहिले. नांदगावला एका भावजयीनं मला गोठ्यामागे नेऊन नणंदेची हकिगत सांगितली, आणि परत घरात आल्यावर सगळ्यांसमोर, "काय बाई, सगळं नॉर्मल होतं," असं तोंड करून म्हणाली. रक्त गेलेलं, पाय सुजलेले, बाळ उशिरा रडलेलं, सगळं माहेरच्या घरांत जपून ठेवलेलं होतं. सासरी कळलं तर पोरीला बोल लागेल म्हणून. प्रत्येक ठिकाणी मॅडमचं एक वाक्य आधी सांगावं लागे: माहेरचं माहेरीच राहील. ते ऐकल्याशिवाय कुणी पाण्यालाही विचारत नसे.

गंमत म्हणजे ठणठणीत मुलांच्या आजोळीही अशा गोष्टी निघू लागल्या. मी जरा हिरमुसले. मॅडम मात्र खूश. "आता खरा अभ्यास सुरू झाला," त्या म्हणाल्या. "आता तुलना करता येईल."

मनमाडला मात्र आम्ही गेलो नव्हतो. गुरुजींची सून दर वेळी म्हणे, "थांबा ताई, इतक्यात नको." का ते सांगत नसे.

मे महिन्यात एका संध्याकाळी तिनं मला सीबीएसच्या बसस्टँडवर गाठलं. ती कचेरीत टायपिस्ट होती, सुटल्यावर तिथूनच बस घ्यायची. घामानं डबडबलेली होती, आणि रडून झालेली होती.

गुरुजी नातवाला घेऊन मुंबईला एका मोठ्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. आम्ही "कारण अजून माहीत नाही" असं म्हणत होतो, आणि गुरुजींना माहीत नाही हे उत्तर सोसत नसे. मुंबईच्या डॉक्टरांना माहीत होतं. त्यांनी इंग्रजी पुस्तक उघडून दाखवलं: अशा मुलांच्या आया थंड असतात, त्यांना पोटच्या पोराची ओढ नसते, म्हणून मूल स्वतःच्या कोशात जातं. उपाय एकच, मुलाला आईपासून लांब ठेवणं. मुंबईजवळ एक वसतिगृह होतं. शाळा सुरू होताना, जूनमध्ये, गुरुजी मुलाला तिथं सोडणार होते.

मी हे रचून सांगत नाही, तेव्हाच्या काही पुस्तकांत असं खरंच छापलेलं होतं. आणि गुरुजींच्या पिढीनं छापील अक्षरासाठी काय काय सोसलं होतं ते मला ठाऊक होतं. ग्रहणाला न भिणारा माणूस पुस्तकापुढे मान तुकवून उभा होता.

"तुम्ही नाही म्हणा ना!" मी तिच्यावरच खेकसले. "आई आहात तुम्ही."

"कसं म्हणू?" ती म्हणाली. "ताई, ते खरं असेल तर? मला तो झालेला आठवतच नाही. नंतरचे कितीतरी दिवस आठवत नाहीत. बाकीच्या बायका सांगतात, बाळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा असं झालं न तसं झालं. माझ्याकडे सांगायला काहीच नाही. माया असती तर आठवलं असतं ना?"

तिची बस लागली. ती चढली, आणि पायरीवरून वळून म्हणाली, "आता मनमाडला जा. आईला सांगा, मुलाला नेणार आहेत म्हणून. मला तिला सांगवत नाही."

मी तशीच दवाखान्यात गेले आणि मॅडमपुढे सगळं ओतलं. वसतिगृहाचं ऐकून त्या संतापल्या, पण "आठवत नाही" हे शब्द आले आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. "थांब. परत सांग. काय आठवत नाही? बाळंतपणच?" मी सांगितलं. त्या उठून येरझारा घालायला लागल्या. "आईला माया नाही म्हणून कुणी असं विसरत नाही गं. हे काहीतरी वेगळंच आहे. उद्या पॅसेंजर किती वाजता आहे?"

मनमाडला रेल्वेच्या चाळीत तिचं माहेर होतं. वडील रेल्वेत फिटर, ते कामावर गेलेले. आई घरी होती, अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. मनमाडात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे, तरी तिनं काठोकाठ भरलेला तांब्या आमच्यापुढे ठेवला. मॅडमनी आमचं नेहमीचं वाक्य सांगून झाल्यावर विचारायला सुरुवात केली.

"लय बेस झालं सगळं," ती म्हणाली. "पोरगं गोरंगोमटं, पोरगी टकाटक. काय बी त्रास नाय."

"सूज?"

"नाय."

"ताप आला होता म्हणे?"

"आला आसंल थोडाफार. बाळंतिणीला येतोच की. च्या घ्या."

मॅडमनी सगळ्या बाजूंनी विचारून पाहिलं. भिंतीशी बोलल्यासारखं झालं. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी निरोप सांगितला. जूनमध्ये मुलाला मुंबईकडे ठेवणार आहेत. आईपासून लांब ठेवायचं आहे. कारण डॉक्टर म्हणतात, आईला त्याची माया नाही, पहिल्या दिवसापासून नव्हती.

त्या बाईचा चेहरा लाल झाला.

"माया नाय?" ती कडाडली. "आरं, ती सुद्धीत तरी होती का? आकडीमागं आकडी येत होती तिला! मरता मरता वाचली माझी पोर, अन् म्हनं माया नाय!"

मग तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. पण बोलणं बाहेर पडलं होतं. मॅडम उठून तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि हळू आवाजात एकेक विचारत गेल्या. आता सगळं आलं. शेवटच्या महिन्यात पाय खांबासारखे सुजले होते. डोकं फुटेल असं दुखत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ऊन बाधलं म्हणून घरच्यांनी लिंबूपाणी पाजलं. मग स्वयंपाकघरातच पहिली आकडी आली. दवाखान्यात पोचेपर्यंत दुसरी. मूल चिमट्यानं काढलं, निळं पडलं होतं, बऱ्याच वेळानं रडलं. पोरगी कितीतरी दिवस बेशुद्ध, आणि शुद्धीवर आल्यावरही कुणाला ओळखत नव्हती. घरी आणली तरी महिनाभर भिंत धरून चालत होती.

"आणि बाळ? बाळाला कोण घेत होतं?" मला राहवलं नाही.

"म्या. हिच्या दोघी बहिनी. शेजारची भाभी. त्याला खाली ठेवला कुणी? या मांडीवरनं त्या मांडीवर. पर ते पोरगं येगळंच, बाई. मांडीवर घेतलं की काठीवानी ताठ व्हायचं, रडून रडून जीव जायचा. पाळन्यात टाकलं की गप. तोंडाकडं बघायचंच नाय, वर बल्बाकडं बघायचं. आमी म्हनायचो, कुनावर गेलंय की!"

माझ्या हातातला चहा साडीवर सांडला आणि मला कळलंही नाही. पहिले महिने हा मुलगा आईकडे नव्हताच! मायेच्या इतक्या मांड्या होत्या, आणि तरी तो असाच होता! पुस्तकातली थंड आई या गोष्टीत कुठे होती? मी बोलायला तोंड उघडलं आणि मॅडमनी माझा पाय चपलेनं दाबला. समोर एक बाई रडत होती, आणि माझं तोंड सणाच्या दिवसासारखं फुललेलं होतं.

"एक करा," मुलाची ही आजी डोळे पुसत म्हणाली. "सासरी कळू देऊ नका. फेफऱ्याची पोरगी गळ्यात मारली म्हनतील. तिला बी नाय सांगितलं आम्ही. ताप आला व्हता, एवढंच सांगितलं. तिला कळलं तर तोंडावरनं सासूला कळंल, तिला लपवता येत नाय काय बी."

मॅडमनी परोपरीनं सांगितलं की हे फेफरं नव्हे. गरोदरपणात रक्तदाब वाढून अशी आकडी येते आणि बाळंतपणानंतर तो आजार जातो. दुसरं मूल व्हायचं असेल तर तिच्या डॉक्टरांना हे आधी कळायलाच हवं. आजी मान हलवत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुमी म्हनला व्हता, माहेरचं माहेरी."

परतीच्या गाडीत मी मॅडमशी कडाकडा भांडले. लासलगावला डब्यात कांद्याचा वास भरला तरी माझं चालूच होतं. ती पोर स्वतःला गुन्हेगार समजून बसली आहे. चार दिवसांनी जून लागेल. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.

"तू सांगशील," मॅडम म्हणाल्या, "आणि त्यानंतर कुठल्याही माहेरात आपल्याला कुणी काही सांगणार नाही. का सांगावं? शब्द दिलाय आपण. सांगायचं तर तिच्या आईनं." मग थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "चेहरा बघितलास ना तिचा? ती घरी बसून राहणारी बाई नाही."

आमच्या त्या अभ्यासाचं पुढं काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण लोक तेच आधी विचारतात. अशा मुलांच्या माहेरच्या गोष्टींत गडबडी जास्त निघाल्या. पण आकडीमुळे मूल असं झालं, की मुळातच वेगळं असलेलं मूल पोटात असल्यामुळे बाळंतपण अवघड गेलं, की दोन्हींमागे तिसरंच काही होतं, हे आम्हाला सांगता आलं नाही. जे सांगता आलं तेवढं लिहिलं आणि एका वैद्यकीय मासिकाला पाठवून दिलं. मॅडमनी त्यात एक अख्खं पान पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याच्या रिवाजावर खर्च केलं. मला त्या पानाचा भारी अभिमान आहे.

मनमाडहून आल्यावर मी चार दिवस अन्नाला चव नसल्यासारखी जेवत होते. मग रविवारी सकाळी गुरुजींच्या शेजारचा एक जण सायकल मारत दवाखान्यात आला. मनमाडच्या विहीणबाई आल्या आहेत आणि दोघी बाईंना बोलावताहेत. मॅडमनी रांगेतल्या पेशंटांना हात जोडले, मला मोपेडवर मागे बसवलं, आणि नाशिकरोडपर्यंत एकही खड्डा चुकवला नाही.

पुढच्या खोलीत सगळे होते. गुरुजी खुर्चीत, सासूबाई स्टुलावर, नवरा दाराला टेकून. मुलगा कॉटखाली पालथा पडून फरशीवर बोट फिरवत होता. मनमाडची आजी उभीच होती. बसा म्हटलं तरी बसेना. नवी साडी नेसून आली होती, आणि पदर तोंडापाशी घट्ट धरून होती. सून स्वयंपाकघराच्या दारात.

"आल्या या," आजी म्हणाली. "आता बोलते. व्याहीबुवा, आमी तुमाला फसवलं." आणि तिनं एका दमात सगळं सांगितलं. सूज, काजवे, आकड्या, चिमटा, निळं पोर, मांडीवर ताठ होणं.

"आकडी?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे फेफरं?"

मॅडमनी झटकन सांगितलं, फेफरं का नव्हे ते. सासूबाईंनी ऐकून घेतलं, पटलं की नाही ते तोंडावर दिसलं नाही. पण त्या उठल्या आणि विहिणीच्या हाताला धरून तिला आपल्या शेजारी बसवलं.

गुरुजी मॅडमकडे बघत होते. "हे पुस्तकात आहे का?"

"आकडीचं आहे, बाळंतपणाच्या कुठल्याही पुस्तकात. मुलं अशी का होतात ते मात्र अजून कुणालाच धड माहीत नाही. ते पुस्तक अजून लिहून व्हायचंय, गुरुजी."

"पण त्यांनी मला छापलेलं दाखवलं."

"छापलेलं चुकतं. आम्ही दर वर्षी चुकलेलं काढून नवं घालतो. ते काम आहे आमचं."

गुरुजींनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मग ते दाराला टेकलेल्या आपल्या मुलाला म्हणाले, "मुंबईला कळवून टाक. आपला पोरगा कुठं जात नाही." आणि सुनेकडे वळून, "बाई, माझं चुकलं."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. खरंच हात उचलले होते, मॅडमनी धरले. पण सून हसली नाही, रडली नाही. पोरगं घरी राहणार हे तिला ऐकू तरी आलं का, अशी शंका आली. ती दारातून पुढे आली आणि आईसमोर खाली बसली.

"आई, मी शुद्धीवर आले तेव्हा तू तिथं होतीस?"

"मग? दुसरं कोन असनार?"

"मी काय केलं?"

"काय करनार, डोळं उघडलं. मला वळकलं नाय तू. मला म्हनली, तुमी कोन? नर्सबाईनं तुझं नाव इचारलं, तर तुला नाव सांगता येईना. म्या बाहेर जाऊन रडले."

"आणि बाळाचं? बाळाचं काही विचारलं मी?"

आजीनं तिच्याकडे असं बघितलं की हे काय विचारायचं झालं. "आगं, तेच तर म्हनली पहिलं. नाव ठावं नाय, आई ठावी नाय, अन् हात असा चाचपडत म्हनली, माझं बाळ कुठाय, आना त्याला. आनलं तर सोडीनास. नर्सबाईला बोटं उकलावी लागली तुझी."

सुनेनं आपले हात समोर धरून त्यांच्याकडे पाहिलं.

"परत सांग," ती म्हणाली.

आजीनं परत सांगितलं. मग तिनं आणखी एकदा सांगायला लावलं, आणि आम्ही सगळे तिथेच बसून ते ऐकत राहिलो.